कापोएरा जगभर गेला, पण तो जपणारा म्हातारा बेघर झाला

गाणी, टाळ्या, एकतारी बेरिंबाऊचा आवाज आणि गोल रिंगणात एकमेकांना लाथा हुकवणारे दोघे. नाच म्हणावा की मारामारी, हेच कळत नाही. ब्राझीलचा हा खेळ म्हणजे कापोएरा. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या पोराबाळांनी तो घडवला.

याच खेळातलं मोठं नाव म्हणजे मेस्त्रे पास्तिन्या. मेस्त्रे म्हणजे गुरु. आपला मेस्त्री हा शब्दही याच पोर्तुगीज शब्दावरून आलाय.

विसेंते फेरेइरा पास्तिन्या यांचा जन्म ५ एप्रिल १८८९ चा, बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरातला. वडील स्पॅनिश, आई कृष्णवर्णीय. ब्राझीलमधली गुलामी संपून वर्षही झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने कापोएरा खेळणं गुन्हा ठरवलं. सापडला की थेट तुरुंग.

लहानपणी पास्तिन्या अंगाने किरकोळ. गल्लीतला एक दांडगा पोरगा त्याला रोज बदडायचा. बेनेदितो नावाचा आफ्रिकन म्हातारा हे खिडकीतून बघायचा. त्याने पोराला घरी बोलावलं आणि कापोएरा शिकवायला सुरुवात केली. पुढे त्या दांडग्याने पुन्हा अंगावर यायची हिंमत केली नाही, असं पास्तिन्या स्वतः सांगायचे.

बाराव्या वर्षी ते नौदलाच्या शाळेत गेले. बाहेर पडल्यावर मिळेल ते काम करून पोट भरलं.

१९३० च्या दशकात बंदी सैल झाली. मेस्त्रे बिंबा यांनी नवे डाव घालून वेगवान कापोएरा उभा केला आणि त्याचीच हवा झाली. जुना संथ, फसव्या डावांचा 'अंगोला' प्रकार मागे पडणार असं दिसू लागलं. तेव्हा, १९४१ मध्ये, जुन्या जाणत्यांनी ही धुरा पास्तिन्यांकडे सोपवली. वय पन्नाशीच्या पुढे!

त्यांनी शाळा काढली, नियम घातले, पिवळा-काळा गणवेश दिला. १९५५ मध्ये शाळा पेलोरिन्यो चौकात आली. पेलोरिन्यो म्हणजे गुलामांना फटके मारायचा खांब. त्याच जागी त्यांच्या वारसांचा खेळ मानाने सुरू झाला. १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. १९६६ मध्ये सत्तरी ओलांडलेले पास्तिन्या सेनेगलच्या डाकारमधल्या कृष्णवर्णीय कला महोत्सवात पोहोचले.

पण १९७१ मध्ये सरकारने डागडुजीसाठी इमारत रिकामी करून घेतली. ती परत मिळालीच नाही, तिथे उपाहारगृह आलं. डोळे गेलेले, हातात पैसा नाही. बायको रोमेलिया रस्त्यावर आकाराजे, म्हणजे चवळीच्या डाळीचे वडे, विकून घर चालवायची. १३ नोव्हेंबर १९८१ ला पास्तिन्या गेले, तेही गरिबीतच.

त्यांचे शिष्य जुआंव पेकेनो यांनी साल्वादोरमध्ये, तर जुआंव ग्रांदे यांनी न्यूयॉर्कमध्ये खेळ जिवंत ठेवला. २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. ज्या खेळासाठी एकेकाळी तुरुंग होता, तो जगाने डोक्यावर घेतला. तो जपणाऱ्या माणसाला मात्र शेवटी स्वतःची जागाही उरली नव्हती.