संगीतसूर्याची ती एक रात्र

शनिवार पेठेत वीर मारुतीकडून ओंकारेश्वराकडे जाताना जे थोडे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या आहेत. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सुतारकाम करतात. आमचे मूळ गाव करवीर तालुक्यातले. पुण्याला येण्यापूर्वी आण्णा कोल्हापुरात नाटकांच्या मंडळींबरोबर फ्लॅट उभे करणे, लेव्हल ठोकणे, प्रयोग संपला की सगळे उतरवून टेम्पोत भरणे, अशी कामे करीत. त्यांचे शिक्षण पाचवीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

9 ऑगस्ट 2024 ची सकाळ मला चांगली आठवते. आदल्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाल्याची बातमी आली होती. आण्णा चहाचा कप हातात धरून तसेच बसले होते. चहा निवून गेला. मग त्यांनी मला विचारले की, ज्या केशवरावांच्या नावाच्या थिएटरात आपण इतकी वर्षे खिळे ठोकले, ते केशवराव नेमके होते कोण? तू आता कॉलेजात जातेस, तुला ठाऊक असेल. मी नुकतीच कॉलेजात आले होते. मला ठाऊक नव्हते. मोठे नट होते, एवढेच मी सांगितले. आण्णांनी मान डोलावली आणि हत्यारांची पिशवी उचलून ते कामावर गेले. त्यांनी मला काही बोलले असते तर बरे वाटले असते.

त्या दिवसापासून मी ग्रंथालयात जे जे सापडेल ते वाचत गेले. हा लेख म्हणजे आण्णांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. वाचकांतही माझ्यासारखे कुणी असतील, म्हणून तो इथे लिहीत आहे.

केशवरावांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा, कोल्हापूरचा. म्हणजे नाट्यगृह जळाले ते त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. वडील लवकर गेले. घरात दारिद्र्य. आई जानाबाईंनी चार-पाच वर्षांच्या पोराला स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीच्या स्वाधीन केले. आज हे वाचताना आपल्याला क्रूर वाटेल. पण नाटक कंपनीत दोन वेळची पंगत होती, अंगावर कपडा होता, आणि गळा असेल तर गाणे शिकवणारा कुणी तरी होता. ज्या घरात चूल पेटण्याची खात्री नसते त्या घरातल्या आईने काय करायचे, हा प्रश्न पुस्तकातून सुटत नाही. शाळेत जाण्याच्या वयात केशव पदे पाठ करू लागला. त्याची शाळा म्हणजे तालीम, आणि परीक्षा म्हणजे रात्रीचा प्रयोग.

त्या काळी स्त्रियांच्या भूमिका मुलगेच करीत. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले होते. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे ते नाटक. सांगतात की, कंपनीत शारदेचे काम करणारा मुलगा सोडून गेला आणि आयत्या वेळी ती भूमिका केशववर पडली. मिसरूडही न फुटलेल्या त्या पोराने ती अशी गायली की, लोक केशव हे नाव विसरून त्याला शारदा म्हणूनच ओळखू लागले. मला वाटते, आपल्याला न विचारता आपले आयुष्य दुसऱ्यांनी ठरवले, हे दुःख गाण्यासाठी त्याला फार लांब जावे लागले नसेल.

कंपनीत राहून तो मोठा नट होऊ शकला असता. पण 1 जानेवारी 1908 रोजी हुबळी येथे त्याने स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. त्या वेळी त्याचे वय पुरते अठराही नव्हते. म्हणजे आपण अकरावी-बारावीत असतो त्या वयात हा बहुजन समाजातला, शाळा न शिकलेला मुलगा पन्नास तोंडांच्या जेवणाची, पडद्यांची, पेटी-तबल्याची, गावोगावच्या प्रवासाची जबाबदारी डोक्यावर घेऊन उभा राहिला. यापुढे मला त्यांचा एकेरी उल्लेख करवत नाही.

गाण्याचे पक्के शिक्षण केशवरावांना रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून मिळाले. आवाज टिपेचा, तान वेगवान आणि दाणेदार. पण त्यांची थोरवी गळ्यापुरतीच नव्हती. मालक म्हणून त्यांनी कोणती नाटके निवडली ते पाहावे. 1912 साली त्यांनी हिराबाई पेडणेकर यांचे 'दामिनी' रंगभूमीवर आणले. एका स्त्रीने लिहिलेले नाटक एखाद्या नामांकित मंडळीने करावे, हे त्या काळी नवलच होते. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा'मध्ये त्यांनी मृणालिनी साकारली. मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाला त्यांनी हाताशी धरले आणि हुंड्यावरचे 'हाच मुलाचा बाप' व पुढे 1919 साली 'संन्याशाचा संसार' केले. गाणे ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला घरी जाताना विचार करायला लावायचे, असा त्यांचा बेत दिसतो. पु. श्री. काळे यांच्यासारखा चित्रकार ललितकलादर्शशी जोडला गेला. दर्शनी मखमली पडदा मराठी रंगभूमीवर आणण्याचे श्रेयही केशवरावांनाच देतात. हे मी आण्णांना वाचून दाखवले तेव्हा ते पहिल्यांदा खुलले. मखमलीचा पडदा ओढताना हाताला किती भार येतो, हे त्यांनी मला दोन्ही हातांनी करून दाखवले.

याच काळात दुसऱ्या टोकाला बालगंधर्व होते. नारायणराव राजहंस. 1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली होती. ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. त्यांचे गाणे लडिवाळ, शब्दाला जपणारे, लयीत अलगद झुलणारे. केशवरावांचे गाणे कडाडणारे. महाराष्ट्रात जणू दोन पंथच निर्माण झाले होते. एकाचा भक्त दुसऱ्याला मानायचा नाही. एकाच घरात दोन भाऊ दोन पंथांचे असायचे. आज आपण कट्ट्यावर गायकांवरून आणि क्रिकेटपटूंवरून जसे हमरीतुमरीवर येतो, तसेच.

1 ऑगस्ट 1920 रोजी लोकमान्य गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभारला जाऊ लागला. गांधीजींनी देशापुढे एक कोट रुपयांचे लक्ष्य ठेवले. या फंडासाठी दोन्ही मंडळींनी मिळून एक प्रयोग करावा असे ठरले. नाटक 'मानापमान'. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दिनांक 8 जुलै 1921, मुंबईचे बालीवाला थिएटर. हाच तो प्रसिद्ध 'संयुक्त मानापमान'.

यात केशवरावांनी काय पत्करले, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळीने 1911 साली प्रथम केले, तेव्हापासून भामिनी म्हणजे बालगंधर्व हे समीकरण झाले होते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली त्यांच्या अंगात मुरल्या होत्या. दहा वर्षे ज्या घरात एक माणूस राहतो आहे, त्या घरात जाऊन त्याच्याच पाटाशेजारी पाट मांडायचा, असा हा प्रकार होता. जिंकले तर यजमानाचा मान गेला, हरले तर स्वतःचा. दोघांनीही नाही म्हणण्याला भरपूर कारणे होती. कोणी नाही म्हटले नाही.

तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे ठेवले होते, तरी थिएटर तुडुंब भरले. एवढ्या चढ्या दराने तिकीट काढणाऱ्यांत दोन्ही पंथांचे लोक होते. कुणी देशासाठी आले असतील, कुणी गाण्यासाठी, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ जण दुसऱ्याची फजिती पाहायला आले असतील. जे झाले ते निराळेच. भामिनीने नजाकतीने पद मांडावे आणि धैर्यधराने तेजाने उत्तर द्यावे, अशी ती रात्र चढत गेली. एकाने दुसऱ्याला झाकून टाकले नाही. समोर तोलामोलाचा माणूस असल्यामुळे दोघेही नेहमीच्या उंचीच्या वर गेले, असेच ती रात्र पाहिलेल्यांच्या आठवणींतून जाणवते. कोण जिंकले, हा वाद मात्र पुढे पिढ्यान्पिढ्या चालला. बालगंधर्वांचे भक्त भामिनीला कौल देत, केशवरावांचे धैर्यधराला. ज्यांनी ती रात्र पाहिली नव्हती तेसुद्धा हिरिरीने भांडत.

त्या रात्रीचे गाणे आज ऐकता येत नाही. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर तीनएक मिनिटांचेच गाणे मावे, आणि तेही भोंग्यासमोर उभे राहून गावे लागे. चालू प्रयोग टिपून ठेवण्याची सोयच नव्हती. तेव्हा आपल्याला ती रात्र दुसऱ्यांच्या कानांनीच ऐकावी लागते.

मी मात्र त्या वादाकडे वेगळ्या बाजूने पाहते. 'मानापमान'मधला धैर्यधर शूर आहे, पण गरीब आहे. श्रीमंतीत वाढलेली भामिनी केवळ त्या गरिबीपायी त्याचा अपमान करते, आणि पुढे वनमालेचे रूप घेऊन त्याची खरी किंमत ओळखते. ज्याला आईने पोट भरत नाही म्हणून कंपनीत सोडले होते, तो मुलगा आता तीस वर्षांचा होऊन भरजरी थिएटरात धैर्यधर म्हणून उभा होता. गरिबीचा अपमान म्हणजे काय, हे त्याला खाडिलकरांच्या संहितेतून शिकण्याची गरज नव्हती. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात, वर्गात ओळख करून देताना, वडील काय करतात या प्रश्नाला मी गोलमाल उत्तर दिले होते. फर्निचरचा व्यवसाय आहे, असे. धैर्यधराविषयी वाचताना मला ते उत्तर आठवले आणि वाचनालयात बसल्या जागी माझे कान तापले. त्याने आपली गरिबी लपवली नाही, आणि मी आण्णांची पटाशी लपवली.

पुढे 'सौभद्र' नाटकाचाही संयुक्त प्रयोग झाला. दोन मंडळ्या जवळ आल्या होत्या, आणखी कितीतरी घडू शकले असते. पण केशवरावांना विषमज्वर झाला आणि 4 ऑक्टोबर 1921 रोजी ते गेले. बालीवालातल्या त्या रात्रीपासून मोजले तर अवघे अठ्ठ्याऐंशी दिवस. वय एकतीस. टायफॉइडचा ताप आज औषधाने बरा होतो. त्या वेळी त्यावर हमखास लागू पडणारे औषध जगातच नव्हते. केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी ललितकलादर्श सांभाळली आणि त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी. बालगंधर्व पुढे 1967 सालापर्यंत जगले. त्यांनी वैभव पाहिले आणि उतारही पाहिला. केशवरावांचा उतार कुणीच पाहिला नाही. म्हणून काही जण त्यांना भाग्यवान म्हणतात. मला ते पटत नाही. एकतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाला भाग्यवान म्हणणे ही जगणाऱ्यांनी करून घेतलेली स्वतःची समजूत आहे. ज्या माणसाने सतराव्या वर्षी मंडळी काढली, बाईने लिहिलेले नाटक केले, हुंड्यावर नाटक केले, त्याने पन्नाशीपर्यंत काय केले असते, हा आपला तोटा आहे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले ते 1915 साली. शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. कलेला आणि बळाला महाराजांनी एकाच अंगणात जागा दिली. या थिएटरला 1957 साली केशवरावांचे नाव देण्यात आले. तिथेच आण्णांनी खिळे ठोकले, आणि तेच 2024 साली जळाले.

हे सर्व मी आण्णांना एका रविवारी दुपारी सांगितले. ते रंधा मारायचे थांबले नाहीत, पण हात सावकाश चालत होता. कोण जिंकले, हे त्यांनी विचारलेच नाही. मी आपण होऊन दोन्ही पक्षांचे म्हणणे मांडले, तर ते त्यांना बिनकामाचे वाटले. त्यांचे म्हणणे असे की, दोन कंपन्यांचे नाटक एका रंगमंचावर उभे राहिले म्हणजे दोन्हीकडचे पडदेवाले, दिवेवाले, सुतार आधी एकत्र बसले असणार, जेवले असणार. त्याशिवाय पडदा वर जातच नाही. मग थोडा वेळ गेला आणि त्यांनी विचारले की, त्या पोराच्या आईला त्याचे नाव झालेले कळले होते का?

मी म्हटले, महाराष्ट्रभर कळले होते, तिला कसे कळणार नाही? आण्णांना एवढे उत्तर पुरले. त्यांनी रंध्याच्या तोंडातला भुसा फुंकला आणि पुढच्या फळीला हात घातला.

या वर्षी वर्गात नवीन प्राध्यापक आले. त्यांनी ओळख करून घेताना प्रत्येकाला घरचे विचारले. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले, वडील सुतार आहेत, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात त्यांनी काम केले आहे.

— द्वितीय वर्ष, कला