जळलेलं जातं कुठे?

मेसमध्ये गॅस पेटतो, कळंबोलीला ट्रकांची रांग धूर सोडते. हे जळलेलं इंधन जातं कुठे? मला उत्तर सापडलं आंत्वान लव्हाझ्येच्या चरित्रात.

१७४३ साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा गडी शिकला वकिली, पैसा मिळवला राजाच्या करवसुलीत, पण जीव रमला प्रयोगशाळेत. तेव्हा समज होता, की जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जातं. लव्हाझ्येने सरळ तराजू काढला. गंधक, फॉस्फरस जाळून पाहिले, तर वजन वाढलेलं! १७७४ मध्ये इंग्लंडच्या प्रीस्टलीने त्याला पाऱ्याच्या भस्मातून मिळालेल्या नव्या वायूबद्दल सांगितलं. पुढे लव्हाझ्येने कोडं सोडवलं: जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग. पत्नी मारीने त्याच्या ग्रंथाच्या आकृत्या काढल्या. राज्यक्रांतीत मात्र करवसुली नडली. ८ मे १७९४ रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्याचा शिरच्छेद झाला.

त्याचा तराजू आजही खरं बोलतो. एक लिटर पेट्रोल भरतं साधारण पाऊण किलो. जळल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो सुमारे २.३ किलो, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो. धूर दिसेनासा होतो, नाहीसा होत नाही. पनवेल स्टेशनला जायला किक मारताना मी हल्ली हा हिशोब करतो, आणि बरेचदा चालतच निघतो.