इंदूरचे यशवंतराव आणि त्यांची ड्यूसेनबर्ग

मध्य प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला इंदूरचे एमवाय रुग्णालय ठाऊक असते. त्यातला एम म्हणजे महाराजा आणि वाय म्हणजे यशवंतराव, हे मात्र आता मुलांना सांगावे लागते. त्यातही घोटाळा होतो. इंग्रजांना झुंजवणारे यशवंतराव होळकर वेगळे, शंभर वर्षे आधीचे. आम्ही लिहीत आहोत ते दुसऱ्या यशवंतरावांविषयी, इंदूरच्या गादीवर राज्य केलेल्या शेवटच्या होळकरांविषयी.

भोपाळ राजधानी झाल्यावर १९५६ नंतर इथे जी मराठी कुटुंबे आली, त्यांतली बरीच इंदूर-ग्वाल्हेरकडची. इंदूरकर घरांतून या महाराजांचे नाव निघाले की तीन गोष्टी हमखास निघत: त्यांच्या विलायतवाऱ्या, त्यांच्या गोऱ्या राण्या आणि त्यांच्या मोटारी. सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमान असे आणि बरीचशी नापसंती. ही नापसंती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या मोटारींपैकी एक, ड्यूसेनबर्ग नावाची अमेरिकन गाडी, नीट समजून घेतली तर तिच्या मालकाविषयीचे मत थोडे बदलते, असा आमचा अनुभव आहे.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव महाराज. १९२५ साली मुंबईत मलबार हिलवर मोटार अडवून अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. मुमताज बेगमला परत नेण्याच्या त्या खटाटोपाचे धागे इंदूरपर्यंत पोचले आणि चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी १९२६ च्या फेब्रुवारीत गादी सोडली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. दोन वर्षांनी तुकोजीरावांनी सिअ‍ॅटलच्या नॅन्सी मिलर या तरुणीशी विवाह केला आणि त्या शर्मिष्ठादेवी होळकर झाल्या. म्हणजे अमेरिका इंदूरच्या राजवाड्यात आली ती मोटारींच्याही आधी, सावत्र आईच्या रूपाने.

यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, चार्टरहाउस शाळेत आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये. कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताबाईंशी त्यांचे लग्न १९२४ सालीच झाले होते. १९३० च्या मे महिन्यात त्यांच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला, आणि त्याच सुमारास माणिकबाग राजवाड्याचे काम सुरू झाले. वास्तुकार एकार्ट मुथेसियस हा बर्लिनचा, महाराजांपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा. झुंबरे नाहीत, कमानी नाहीत, सोनेरी वेलबुट्टी नाही. सरळ रेषा, काच, धातूच्या नळ्यांचे फर्निचर. त्या वेळच्या इंदूरकरांना हा राजवाडा वाटतच नसे.

गाड्यांकडे वळण्याआधी, त्या काळी आपल्याकडे अमेरिकन गाड्यांचे एवढे चालत का असे, हे सांगायला हवे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्येच गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. इंग्लंडमध्ये गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर ठरे, म्हणून तिथली इंजिने अरुंद, लहान आणि सतत जोरात फिरवावी लागणारी. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, अंतरे लांब आणि गावाकडचे रस्ते आपल्यासारखेच खडबडीत. म्हणून तिथली इंजिने मोठी, संथ फिरणारी आणि खालूनच जोर देणारी. तीनच गिअर, पण वरच्या गिअरमध्ये घातली की बैलगाडीच्या मागे रांगतानाही चाले आणि पुढे रस्ता मोकळा मिळाला की न कुरकुरता वेग घेई. पाट्यांच्या स्प्रिंगा मऊ, बसायला ऐसपैस सलग बाक, जमिनीपासून उंची भरपूर. माळव्यातल्या काळ्या मातीच्या रस्त्यांना ही गाडी मानवली यात नवल नाही.

खोड्याही होत्या. बऱ्याच गाड्यांचे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालत, त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की भर पावसात ते मधेच मंदावत. बॅटरी सहा व्होल्टची, म्हणून दिवे पिवळट. १९३२ च्या फोर्ड व्ही-एटमध्ये जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या वाटा इंजिनाच्या पाण्यातूनच काढलेल्या होत्या. उन्हाळ्यात रेडिएटर उकळे, पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे, आणि मग ड्रायव्हर बॉनेट उघडून पंपावर ओले फडके घालून बिडी ओढत बसे. स्टिअरिंग हलके, पण वळण घ्यायला चाक पुष्कळ फिरवावे लागे, आणि वळणावर गाडी जहाजासारखी एका अंगाला कलत असे.

ड्यूसेनबर्ग या सगळ्या जातीची, आणि तरी या सगळ्यांहून वेगळी. फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे भाऊ जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेले. सायकलींपासून सुरुवात करून शर्यतीच्या इंजिनांपर्यंत पोचले. त्यांच्या गाडीने १९२१ मध्ये फ्रान्सची ग्रां प्री जिंकली, आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये. चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक विक्रीच्या गाडीला लावणारे पहिले तेच. पैशाचे गणित मात्र त्यांना कधी जमले नाही. शेवटी ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने कंपनी घेतली आणि फ्रेडला सांगितले की जगातली सर्वांत चांगली गाडी बनव. १९२८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला मांडलेले मॉडेल जे ते हेच.

एका रांगेत आठ सिलिंडर, आकार जवळपास सात लिटर, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार म्हणजे एकूण बत्तीस व्हॉल्व्ह, आणि २६५ अश्वशक्ती. आजच्या गाड्यांच्या जाहिरातींत चार व्हॉल्व्हची फुशारकी वाचताना आम्हाला हे आठवते. आठ सिलिंडर एका ओळीत ठेवले की क्रँकशाफ्ट लांबलचक होतो, आणि प्रत्येक ठोक्याला ओले धोतर पिळावे तसा पिळला जातो. त्यातून उठणारी थरथर मारण्यासाठी त्यांनी क्रँकशाफ्टला पाऱ्याने जवळजवळ भरलेल्या नळ्या बसवल्या. शाफ्ट थरथरला की आतला पारा हिंदकळतो आणि ती थरथर गिळून टाकतो. इतका साधा उपाय, पण सुचायला शर्यतीच्या इंजिनांत हात काळे केलेला माणूसच हवा.

डॅशबोर्डवर वेगाच्या काट्याबरोबर उंची दाखवणारे यंत्र आणि थांबघड्याळही असे. आम्हाला सर्वांत आवडतात ते तिथले छोटे दिवे. दर ७५ मैलांनी गाडी आपल्या सांध्यांना आपणच वंगण घालून घेई आणि तसा दिवा लागे. सातशे मैल झाले की इंजिनाचे ऑइल बदलण्याचा दिवा, चौदाशे झाले की बॅटरीचे पाणी पाहण्याचा. इंदूरहून भोपाळला निघाली असती तर आष्टा ओलांडता ओलांडता तिने एकदा स्वतःचे वंगण उरकून घेतले असते. ब्रेकचा जोर कमीजास्त करायलाही एक दांडी होती. कोरडा रस्ता, पाऊस, हिमवर्षाव आणि गोठलेला बर्फ अशा चार खुणा. माळव्यात त्यांतल्या दोन उपयोगाच्या.

१९३२ मध्ये एसजे आली. तिच्या इंजिनात हवा जोराने कोंबणारा सुपरचार्जर, त्यामुळे ३२० अश्वशक्ती. बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेले चकचकीत लवचीक पाइप ही हिची ओळख. दुसऱ्या गिअरमध्येच ताशी शंभर मैल ओलांडते असा कंपनीचा दावा होता. त्याच वर्षी अशीच एक एसजे चालवताना फ्रेडला अपघात झाला आणि त्यातून उद्भवलेल्या आजारात तो गेला.

ही गाडी चालवणे म्हणजे काय, याची कल्पना तिच्या बांधणीवरून येते. वजन दोन टनांहून बरेच जास्त. क्लच पायाचा घाम काढणारा. गिअर तीन, पण एकमेकांत अलगद बसतील अशी सोय नाही. क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा वेग कानाने ओळखून गिअर टाकायचा, नाहीतर दात करकरणार. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवायला पैलवान हवा, वेग घेतला की तेच स्टिअरिंग सरळ आणि स्थिर. समोर दोन माणसे झोपतील एवढे लांब बॉनेट. नुसते मागे बसून मिरवायचे असते तर रोल्स-रॉइस पुष्कळ होती, आणि बहुतेक संस्थानिकांनी तेच केले.

यशवंतरावांनी १९३५-३६ मध्ये घेतली ती एसजे, लांब चासीवर, आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोघांपुरती उघडी बॉडी बांधून घेतली. जवळजवळ चार मीटर चाकांमधले अंतर असलेली गाडी, आणि बसायची जागा पुढे दोघांची. केशरी आणि काळा रंग. म्हणजे ही सरळ सरळ स्वतः चालवायची गाडी होती. त्यांच्याकडे हिस्पानो-सुइझा होती, अल्फा रोमिओ होती, आणि त्या निवडीतही हीच दृष्टी दिसते. शोभेपेक्षा यंत्र. माणिकबागेतल्या खुर्च्या, ब्रांकुशीचे अवकाशातले पक्षी आणि ही गाडी एकाच डोळ्याने निवडलेली आहेत. जिथे एकही रेघ फुकट नाही, तिथे त्यांचे मन रमे.

आता खर्चाचे. मॉडेल जेची नुसती चासी सुरुवातीला साडेआठ हजार डॉलरला, म्हणजे त्या काळच्या भावाने वीस हजार रुपयांच्या वर, आणि बॉडीचे पैसे वेगळे. हा पैसा माळव्यातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून आलेला. ही रक्कम कलेच्या नावावर माफ करावी असे आम्हाला वाटत नाही. त्याच कारकिर्दीत गंभीर नदीवर यशवंत सागर झाला आणि इंदूर शहराला पाणी मिळाले, होळकर संघाने सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकला, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. हिशेब जुळतो का, हे ज्याने त्याने ठरवावे. आमची खरी तक्रार पैशाविषयी नाहीच. महाराज इंदुरात फार कमी राहिले, ही आहे.

१९३७ हे वर्ष त्यांच्यासाठी वाईट उगवले. संयोगिताबाई स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, पुरती पंचविशीही गाठली नव्हती. मुलगी उषाराजे तीन वर्षांची. मॅन रेने काढलेली या जोडप्याची हसरी छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या मृत्यूचा चटका वेगळा सांगायला नको. त्याच वर्षी कॉर्डचा डोलारा कोसळला आणि ड्यूसेनबर्गचा कारखानाही बंद पडला. इंदूरमध्ये ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. त्यासाठी ब्रांकुशी पॅरिसहून इंदूरला आला, पण मंदिर झालेच नाही.

पुढे त्यांनी मार्गारेट लॉलर आणि नंतर युफेमिया क्रेन या अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले आणि काही वर्षे कॅलिफोर्नियात काढली. १९४२ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. एका संस्थानिकाने हे करावे याला धैर्य लागते. आणि पाच वर्षांनी तेच यशवंतराव आपल्या भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान यांच्या बाजूने सामीलनाम्यापाशी अडून बसले! ऑगस्ट १९४७ मध्ये अखेर सही झाली. आम्हाला यात विसंगतीपेक्षा गोंधळ अधिक दिसतो. स्वातंत्र्य त्यांना हवे होते, पण त्यात आपली जागा कोणती हे त्यांना उमगले नव्हते.

२८ मे १९४८ ला मध्य भारत झाला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव उपराजप्रमुख. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली आणि ते पदही संपले. फाइलींच्या पेटाऱ्यांबरोबर आपल्यापैकी अनेकांचे आजोबा इकडे आले ते तेव्हाच. ५ डिसेंबर १९६१ ला महाराज मुंबईत वारले, वय ५३.

माणिकबागेतले फर्निचर १९८० साली माँटे कार्लोला लिलावात निघाले. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने त्यातल्या कित्येक वस्तू पुन्हा एकत्र मांडून यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले. राजवाड्यात आज केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. केशरी-काळी ड्यूसेनबर्ग अमेरिकेला परत गेली आणि तिथल्या संग्राहकांनी ती जपली. तिच्या क्रँकशाफ्टच्या नळ्यांतला पारा अजून हिंदकळतो.