एक जादा प्रश्न

डेसिबल हा शब्द आपण पेपरात लिहितो, मार्क मिळवतो आणि विसरून जातो. पण सततच्या आवाजाने कामगार बहिरा होतो, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणाऱ्या डॉक्टरचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मलाही ते ट्रेनिंगला जाईपर्यंत माहीत नव्हते. बर्नार्दिनो रामाझिनी! औद्योगिक वैद्यकशास्त्राचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते.

रामाझिनींचा जन्म 1633 साली इटलीतल्या कार्पी या गावी झाला. 1659 मध्ये पार्मा विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. सुरुवातीला रोमच्या उत्तरेकडच्या गावांत प्रॅक्टिस केली, पण मलेरियाने गाठले आणि घरी परतावे लागले. 1671 मध्ये ते मोदेना शहरात आले आणि 1682 मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते मात्र विद्यापीठात नाही, तर चक्क घरच्या संडासाच्या टाकीपाशी! टाकी उपसणारा माणूस जिवाच्या आकांताने भराभर हात चालवत होता. एवढी घाई कशाला, असे त्यांनी विचारले. तेव्हा कळले की जास्त वेळ आत राहिले की डोळ्यांची आग होते आणि दिसेनासे होते. रामाझिनींनी चौकशी केली, तर हे काम करून जवळजवळ आंधळे झालेले कितीतरी लोक शहरात भीक मागताना आढळले. रोग माणसाचा, पण मूळ कामात, हे त्यांच्या मनाने घेतले.

मग हा प्राध्यापक कारागिरांच्या कोंदट दुकानांत जाऊ लागला. कुंभार, सुतार, धोबिणी, खाणकामगार, छापखानेवाले, कुणालाच त्यांनी सोडले नाही. 1700 साली चाळीसहून अधिक धंद्यांच्या रोगांवरचे त्यांचे लॅटिन पुस्तक मोदेनात छापले गेले. 1713 च्या आवृत्तीत आणखी 12 धंद्यांची भर पडली. हिपोक्रेटिसच्या काळापासून डॉक्टर रोग्याला जे प्रश्न विचारत, त्यात रामाझिनींनी एक जादा प्रश्न घातला : तुम्ही काम काय करता?

याच पुस्तकात व्हेनिसचे तांबट भेटतात. शहराच्या एकाच भागात त्यांची वस्ती, आणि दिवसभर तांब्यावर हातोडे. तो ठणठणाट सोसवेना म्हणून बाकीचे लोक तिथे राहतच नसत. हे कारागीर आधी कमी ऐकू लागत आणि म्हातारपणी ठार बहिरे होत. पुण्याच्या तांबट आळीतून एकदा गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको! रामाझिनींना वाटले, सततच्या माऱ्याने कानाचा पडदा सैल पडतो. आज आपल्याला माहीत आहे की खरा घाव आतल्या कानातल्या केसपेशींवर बसतो आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे कारण थोडे चुकले, पण गुन्हेगार बरोबर पकडला!

त्यांच्याकडे मोजायला यंत्र नव्हते. आपल्याकडे आहे. पर्सनल नॉइज डोसिमीटर कामगाराच्या खांद्यावर, कानापासून वीतभराच्या आत लावतात. तो माणसाबरोबर दिवसभर फिरतो आणि किती आवाज किती वेळ कानावर पडला याचा हिशेब टक्क्यांत देतो. पण इथेच गंमत आहे. अमेरिकेतल्या ओशाच्या नियमात 90 डेसिबलला 8 तास चालतात आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो. तिथल्याच नायोश या संशोधन संस्थेची शिफारस 85 डेसिबलची, आणि वेळ दर 3 डेसिबलला निम्मा. समजा एक जण 94 डेसिबलमध्ये 4 तास उभा राहिला आणि बाकी वेळ शांत जागी बसला. पहिल्या हिशेबाने त्याचा डोस येतो सुमारे 87 टक्के, म्हणजे मर्यादेत. दुसऱ्या हिशेबाने 400 टक्के! माणूस तोच, कान तेच. तेव्हा रिपोर्टमधला आकडा वाचताना मीटरचे सेटिंग आधी पाहा.

माझे मामा 22 वर्षे यंत्रमागावर होते. आता शेजारी बसून बोललेले त्यांना ऐकू येत नाही, म्हणून लग्नकार्यात ते कोपऱ्यात गप्प बसतात. आजवर ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी शुगर विचारली, बी.पी. विचारले, वय विचारले. काम काय करत होता, हे कुणीच विचारले नाही! मामांनाही वाटते, वयामुळे झाले असेल.

1700 मध्येच रामाझिनींना पादुआच्या नामांकित विद्यापीठाचे बोलावणे आले. तोवर त्यांची साठी उलटली होती. पुढे दृष्टी जवळजवळ गेली तरी काम थांबले नाही. 1714 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, पादुआतच त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, उद्या आपल्यातले बरेच जण शॉपफ्लोअरवर सुपरवायझर म्हणून उभे राहतील. एखाद्याच्या खांद्यावर डोसिमीटर लावायची वेळ आपल्यावर येईल. क्लिप लावून लगेच पुढच्या मशीनकडे पळू नका. तो काय काम करतो, किती वर्षे करतो, घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो का, हे दोन मिनिटे थांबून विचारा. गेलेले कान कुठलेही यंत्र परत आणत नाही. विचारायला मात्र पैसे पडत नाहीत!