नहरीचा निर्माता मलिक अंबर

वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा पाहण्यासाठी देशोदेशीचे प्रवासी मराठवाड्यात येतात. ते उंच तटबंदी पाहतात, घुमट पाहतात, दगडात कोरलेल्या मूर्ती पाहतात. पण छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यांवरून हिंडताना आपल्या पायांखालीही एक जुने आश्चर्य आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते आश्चर्य म्हणजे सुमारे 400 वर्षांपूर्वी बांधलेली जमिनीखालची नहर. ती बांधणारा माणूस लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्या देशाला त्या काळी हबशाण म्हणत आणि तिथल्या लोकांना हबशी म्हणत. त्याचे मूळ नाव चापू होते. चापू लहान असतानाच गुलामांच्या बाजारात विकला गेला. आई-वडील, घर, गाव, भाषा हे सारे एका दिवसात सुटले. एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात जात तो बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने या मुलाची हुशारी ओळखली. त्याने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले. त्यानेच त्याला अंबर हे नाव दिले. मराठीत अंबर म्हणजे आकाश. अरबीत मात्र अंबर म्हणजे एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. नाव सुंदर होते, पण तेही मालकाने दिलेले होते.

पुढे अंबरला समुद्रमार्गे दक्षिण भारतात आणले गेले. अहमदनगरच्या निजामशाहीत तेव्हा चंगेजखान नावाचा पेशवा होता. तो स्वतः हबशी होता आणि पूर्वी गुलाम होता. त्याने अंबरला विकत घेतले. चंगेजखानाजवळ राहून अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. कर कसा बसवतात, फौज कशी उभी करतात, दरबारात कसे वागतात, हे सारे तो शिकला. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले. त्या वेळी तो पंचविशीच्या आसपास होता. आता तो स्वतंत्र होता. पण त्याच्याजवळ ना जमीन होती, ना पैसा, ना नातेवाईक.

अंबरने हातात तलवार घेतली. काही वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली. त्यानंतर तो सुमारे दीडशे घोडेस्वार घेऊन पुन्हा निजामशाहीत आला. हा काळ फार कठीण होता. 1600 साली मुघल बादशहा अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. शूर चांदबिबी मारली गेली. निजामशाही संपली, असे सर्वांना वाटले. मलिक अंबरला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका तरुण वारसाला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. तो वारस म्हणजे दुसरा मुर्तजा निजामशहा. मलिक अंबर त्याचा वजीर झाला. मनात आणले असते, तर तो स्वतः गादीवर बसू शकला असता. पण त्याने तसे केले नाही.

मुघलांची फौज मोठी होती. तोफा, हत्ती, तंबू, बाजारबुणगे असा तिचा थाट असे. उघड्या मैदानात तिच्यासमोर टिकाव लागणे शक्य नव्हते. म्हणून मलिक अंबरने मराठा घोडेस्वारांना सोबत घेतले. हे स्वार डोंगरवाटांचे माहीतगार होते. ते अचानक येत, शत्रूची रसद तोडत आणि दिसेनासे होत. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. छत्रपती शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे हेही मलिक अंबरच्या बाजूने लढले होते.

केवळ लढाया जिंकून राज्य टिकत नाही, हे मलिक अंबर जाणून होता. शेतकरी सुखी असेल, तरच खजिना भरतो. म्हणून त्याने जमिनीची मोजणी व पाहणी करवली. जमीन चांगली की हलकी, तिच्यात पीक किती येते, हे पाहून तो सारा ठरवत असे. त्यामुळे गरीब शेतकऱ्यावर नाहक बोजा पडेनासा झाला. त्याच्या या पद्धतीचे नाव पुढेही अनेक वर्षे घेतले जात होते.

1610 साली मलिक अंबरने खडकी नावाच्या लहानशा गावाच्या जागी नवे शहर वसवले. तिथे मशिदी, वाडे आणि बाजार उभे राहिले. मालोजी, खेळोजी, परसोजी अशा मराठा सरदारांच्या नावांवरून पुरे वसले. मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून त्याने 1612 साली एक भव्य दरवाजा बांधला. तोच आजचा भडकल दरवाजा. परंतु 1616 साली मुघलांनी त्याचा पराभव केला आणि खडकीत शिरून शहराला आग लावली. वसवलेले शहर डोळ्यांदेखत राख झाले. तेव्हा मलिक अंबर सत्तरीकडे झुकला होता. दुसरा कोणी असता, तर खचून गेला असता. मलिक अंबरने शहर पुन्हा उभारायला घेतले.

मोठ्या शहराला भरपूर पाणी हवे. खडकीत पाण्याची टंचाई होती. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूला, जमिनीत पाणी मुरत असे. ते पाणी शहरात आणायचे मलिक अंबरने ठरवले. 1617 च्या सुमारास काम सुरू झाले. जमिनीखाली दगड-चुन्याचा पक्का बोगदा बांधण्यात आला. त्याला असा बेताचा उतार दिला, की पाणी आपोआप शहराकडे वाहत यावे. आतली सफाई करण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली. शहरात खापराच्या नळांनी पाणी खेळवले. मध्ये मध्ये उंच मनोरे बांधले. पाणी त्यांत वर चढे, नळातली कोंडलेली हवा निघून जाई आणि पाणी पुढच्या हौदाकडे धावे. पंप नाही, वीज नाही, बैलाची मोट नाही. फक्त जमिनीचा उतार आणि अचूक हिशेब! या नहरीला नहर-ए-अंबरी म्हणतात. तिच्या धर्तीवर पुढच्या काळात या शहरात आणखी नहरी बांधल्या गेल्या.

मलिक अंबरचे यश पाहून बादशहा जहांगीर संतापत असे. त्याने एक चित्र काढवून घेतले. त्यात मलिक अंबरचे शिर भाल्यावर टांगलेले आहे आणि जहांगीर त्यावर बाण सोडत आहे. पण हे फक्त चित्रातच घडले. प्रत्यक्षात मलिक अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. 1624 साली मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा मिळून त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी इथे तलाव होता. मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडले. सगळीकडे चिखल झाला आणि शत्रूच्या मोठ्या फौजेला हालचाल करणे कठीण झाले. थोड्या सैन्यानिशी त्याने ही लढाई जिंकली.

1626 साली, सुमारे ऐंशीव्या वर्षी, मलिक अंबर मरण पावला. खुलताबाद इथे त्याची साधी, भक्कम दगडी कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर मुघलांच्या एका इतिहासकारानेही आपल्या ग्रंथात त्याच्या शौर्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. शत्रूने केलेली स्तुती हीच खरी स्तुती होय. त्याच्यानंतर निजामशाही फार काळ टिकली नाही. 1633 साली दौलताबादचा किल्ला मुघलांनी घेतला.

खडकीचे नावही बदलत गेले. मलिक अंबरच्या मुलाने शहराला फतेहनगर म्हटले. 1653 साली औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले. 2023 साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. नावे बदलली, राज्ये बदलली. पण मलिक अंबरची नहर शेकडो वर्षे लोकांची तहान भागवत राहिली. आज तिचे काही भाग ढासळले आहेत, काही बुजले आहेत. जे उरले आहेत, ते सांभाळणे आपल्या हाती आहे.

मुलांनो, तुम्ही सहलीला वेरूळला जाल, तेव्हा वाटेत खुलताबादला थांबा. मलिक अंबरच्या कबरीसमोर क्षणभर उभे राहा. ज्या मुलाला एके काळी बाजारात विकले गेले, त्याने एक संपूर्ण शहर वसवले आणि त्या शहराला पाणी पाजले, हे आठवा. परत येताना भडकल दरवाजाही पाहा आणि जवळपासच्या एखाद्या वृद्ध माणसाला विचारा, की नहरीचे पाणी कुठून येत असे.