फसलेल्या काचेची गोष्ट

प्रॅक्टिकल फसलं की तुम्ही काय करता? शेजारच्याच्या जर्नलमधून रीडिंग उतरवून मोकळे होता, खरं ना? मग मायकेल फॅरेडेला एकदा भेटाच.

१७९१ मध्ये एका लोहाराच्या घरात त्याचा जन्म झाला. शाळा जेमतेम, कॉलेज तर नाहीच. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तकंच तो वाचून काढायचा. १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांचा मदतनीस झाला.

पुढे त्याच्याकडे काम आलं ते दुर्बिणींसाठी निर्दोष काच बनवण्याचं. भट्टीपुढे त्याची काही वर्षं गेली. शिसं घातलेली जड काच तयार झाली, पण दुर्बिणीसाठी तिचा फारसा उपयोग झाला नाही. तुकडे तसेच पडून राहिले.

१८३३ मध्ये त्याला एक गंमत दिसली. पाण्यातून वीज जाते, पण मध्ये बर्फाचा पातळ थर आला तरी अडते. शिशाच्या क्लोराइडचंही तेच. घट्ट असताना वीज अडते, वितळलं की वाहते. पदार्थ तोच, बदलली फक्त अवस्था! आपण पाठ करतो ते आयन, इलेक्ट्रोड हे शब्दही त्याच्या याच काळातल्या कामातून आले.

१८४५ मध्ये तो प्रकाश आणि वीज यांचं नातं शोधत होता. विजेचे प्रयोग फसले. मग त्याने चुंबक घेतलं. बऱ्याच पदार्थांतून काहीच दिसेना. शेवटी ती जुनी जड काच चुंबकाजवळ ठेवली आणि तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची दिशा चक्क फिरली!

विजेचा काचेवरचा असा परिणाम मात्र त्याला दिसला नाही. तो १८६७ मध्ये गेला. १८७५ मध्ये जॉन केर यांनी दाखवलं, की जोरदार विद्युत क्षेत्रात काचेतून जाणारा प्रकाश बदलतो. आज तर संशोधक तापलेल्या काचेला विद्युत क्षेत्र लावतात. आतले सोडियमसारखे आयन सरकतात आणि काही काचा नेहमीपेक्षा कमी तापमानाच्या भट्टीतच मऊ पडतात.

फॅरेडेने फसलेले प्रयोगही वहीत तारखेनिशी लिहून ठेवले होते. तेव्हा पुढच्या वेळी रीडिंग चुकलं, तर खोडण्याआधी जरा थांबा.