श्रमिकांचा कैवारी

सन १९०१ च्या सुमाराची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील मसूर येथील रेल्वे-स्थानकावर सायंकाळच्या वेळी चार मुले उतरली. अंगात नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या आणि नेसावयास रेशीमकाठी धोतरे, असा त्यांचा थाट होता. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदावयास घेतला होता. त्यांतील दोघांचे वडील त्या कामावर रोखपाल होते. त्यांच्याकडे ही मुले सुटीत निघाली होती.

मुलांना न्यावयास कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी मायेने चौकशी केली. पण मुलांनी आपली जात महार असल्याचे सांगताच ते झटकन मागे सरले. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान मुलांच्या शेजारी बसावयास तयार होईना. अखेर मुलांनीच बैल हाकावे आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. रात्री टोलनाक्याजवळ मुक्काम पडला. शिदोरी जवळ होती, परंतु घोटभर पाणी कोणी दिले नाही. मुले तशीच उपाशी निजली. त्यांतील एका मुलाच्या मनावर त्या रात्रीचा कायमचा ठसा उमटला. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी हे लष्करातील निवृत्त सुभेदार. निवृत्तीनंतर काही वर्षांनी हे कुटुंब साताऱ्यास येऊन राहिले. येथेच लहानग्या भीमाचे मातृछत्र हरपले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तो साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. वर्गात त्याला घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे; शिपाई नसला तर तहान मारावी लागे. गावात न्हावी पुष्कळ होते, पण भीमाचे केस त्याची बहीणच कापीत असे.

त्या काळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचाही बराच भाग मोडत असे. तेथे, सगळ्या महाराष्ट्राप्रमाणेच, गावोगावी महारांचे वतन होते. वतनदाराने सरकारी सांगावे पोचवावे, पडेल ते काम करावे, आणि बोलावणे येईल तेव्हा, दिवस असो की रात्र, धावत जावे, असा रिवाज होता. घरचा कर्ता पुरुष नसला तर दुसऱ्या कोणाला जावे लागे. मोबदला म्हणून इनामाचा लहानसा तुकडा आणि गावकरी देतील ते बलुते. रामजींना सैन्यात ठरलेला पगार मिळाला, पुढे निवृत्तिवेतनही मिळाले. गावातील त्यांच्या बांधवांच्या कामाला मात्र ना वेळेची मर्यादा होती, ना वेतनाची निश्चिती, ना नकार देण्याचा अधिकार. हे सारे कायद्याने बदलता येईल, असा विश्वास भीमरावांना पुढे विद्याभ्यासाने दिला.

मुंबईस पदवी घेतल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेस गेले. पुढे लंडन येथे अर्थशास्त्र आणि कायदा यांचे शिक्षण पुरे करून १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. एवढी विद्या मिळविलेले बाबासाहेब परळच्या चाळीत गिरणीकामगारांच्या शेजारीच राहत होते.

मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी १९२८ मध्ये वतनाच्या जाचातून मुक्तता करणारे विधेयक मांडले. वतनी जमीन कायम राहावी, पण सक्तीची चाकरी संपावी, आणि ज्यांना काम करावयाचे असेल त्यांना रीतसर वेतन मिळावे, असा त्याचा आशय होता. विरोधामुळे ते विधेयक मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी कामगार स्त्रियांना बाळंतपणात भरपाईसह विश्रांती मिळावी, या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला. आईची विश्रांती हे राष्ट्राचेच हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. दोन वर्षांनी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्याने काही प्रसंगी संप करणे हा गुन्हाच ठरणार होता. आपले काम थांबविण्याची मोकळीक नसलेला मनुष्य गुलामच होय, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. अडतीस वर्षांपूर्वी याच तारखेला बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. कायदा तर मंजूर झालाच. परंतु निरनिराळ्या जातिधर्मांचे कामगार एका मागणीसाठी एकत्र उभे राहिले.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी एकत्र बसून विचार करतील, अशा परिषदा त्यांनी चालविल्या. खाणकामगारांचे हाल प्रत्यक्ष पाहण्यासाठी ते कोळशाच्या खाणीत उतरले. १९४४ मध्ये त्या कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्यात आला. १९४५ मध्ये कारखान्यांत भरपगारी रजेची तरतूद झाली. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्यास ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांनी त्याच वर्षी मांडले. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. कामाला वेळेची मर्यादा आणि वेतनाला निश्चिती, या ज्या दोन गोष्टी वतनात नव्हत्या, त्या आता कायद्याच्या पुस्तकात लिहिल्या गेल्या.

पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या त्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली, आणि २४ व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात वा खाणीत कामास ठेवण्यास मनाई केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. ज्या वतनाविरुद्ध त्यांनी पहिले विधेयक मांडले, ते रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. तो पाहावयास ते नव्हते.

साताऱ्याची ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. तिच्या दप्तरात लहानग्या भीमाच्या प्रवेशाची नोंद जपलेली आहे. त्याच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस, ७ नोव्हेंबर, महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाने पुढे कोणावर सूड उगविला नाही. जे त्याला मिळाले नव्हते, ते इतरांना हक्काने मिळावे, यासाठी त्याने आपले आयुष्य वेचले.